कोंबड्याच्या शुक्राणूत हिस्टोन जाऊन प्रोटामिन येते तेव्हा

प्रश्न दोन आहेत. पक्ष्यांच्या शुक्राणूनिर्मितीत गुणसूत्रांवरची हिस्टोन प्रथिने (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती) जाऊन प्रोटामिन (शुक्राणूत डीएनए घट्ट आवळणारे लहान प्रथिन) येते, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. प्रत्यक्षात हा बदल कधी आणि कसा होतो? आणि कोंबड्याच्या वृषणातून आम्लाने काढलेली प्रथिने जेलवर चालवली, म्हणजे विजेच्या प्रवाहाने पट्ट्यापट्ट्यांत वेगळी केली, तर हिस्टोनचे पट्टे ठळक आणि प्रोटामिन जेमतेम दिसते, असे का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते कळल्याशिवाय पहिल्याचा पुरावा वाचता येत नाही. हिस्टोनच्या प्रकारांना एच१, एच२ए, एच२बी, एच३, एच४ अशी नावे आहेत. जेलवर एच१ आणि एच३ यांच्या मधे एक ठसठशीत पट्टा आहे का ते बघा. असेल तर तो एच५ आहे, आणि एच५ वृषणातल्या जननपेशींचा नव्हे, रक्ताचा. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते. कोंबडीच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण २५ ते ३५ लाख तांबड्या पेशी असतात, म्हणजे ऊतीत राहून गेलेल्या एका थेंबाबरोबर दहा कोटींहून अधिक केंद्रके तुमच्या नमुन्यात उतरतात, आणि प्रत्येकात हिस्टोनचा पूर्ण संच असतो. उंदराच्या वृषणावर बेतलेली कृती जशीच्या तशी वापरली की पहिला घात इथे होतो. हिस्टोनचा शोधच मुळी पक्ष्याच्या रक्तातून लागला. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये ते पाळीव हंसाच्या तांबड्या पेशींच्या केंद्रकांतून वेगळे केले होते. जे प्रथिन तिथे इतके विपुल सापडले, ते तुमच्या जेलवर आगंतुकासारखे येणारच.

दुसरे कारण वृषणाच्या रचनेत आहे. प्रौढ नराच्या वृषणात स्पर्मॅटोगोनिया (सुरुवातीच्या जननपेशी), अर्धसूत्री विभाजनातल्या पेशी (स्पर्मॅटोसाइट), विभाजनानंतरचे गोल स्पर्मॅटिड, लांबट स्पर्मॅटिड आणि तयार शुक्राणू हे सगळे एकाच वेळी असतात. यांतल्या शेवटच्या दोनच गटांत प्रोटामिन असते. शिवाय प्राथमिक स्पर्मॅटोसाइटमध्ये डीएनए गोल स्पर्मॅटिडच्या चौपट, म्हणून हिस्टोनही चौपट. अख्खे वृषण कुटून काढलेला अर्क म्हणजे या सगळ्यांची सरासरी, आणि सरासरीत प्रोटामिन नेहमी मागे पडते. तिसरे कारण रंगवण्याचे आहे, ते पुढे येईल.

आता मूळ बदलाकडे.

कोंबड्याच्या शुक्राणूचे केंद्रक साधारण १२ मायक्रोमीटर लांब आणि जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाड असते, किंचित वाकलेल्या सुईसारखे. त्यात एक अब्जाहून थोड्या जास्त बेस-जोड्यांचा डीएनए, म्हणजे ३६ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा धागा. हिशेब मांडला तर केंद्रकाच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग या नुसत्या धाग्याचाच भरतो. न्यूक्लिओसोमची, म्हणजे हिस्टोनभोवती गुंडाळलेल्या डीएनएची, रिळे ठेवून इतके घट्ट भरणे जमत नाही. गोल स्पर्मॅटिडमध्ये दर २०० बेस-जोड्यांना एक रीळ धरले तर अशी ५० लाखांवर रिळे असतात, प्रत्येकात आठ हिस्टोन. ही सगळी उलगडून हिस्टोन बाहेर काढायचे आणि त्या जागी प्रोटामिन बसवायचे, हे काम एका पेशीला मोजक्या दिवसांत करायचे असते. जपानी लावा पक्ष्यात स्पर्मॅटोगोनियापासून शुक्राणूपर्यंतचा प्रवास सुमारे १३ दिवसांचा आहे, कोंबड्यात दोन आठवड्यांच्या आसपास. उंदराला त्यासाठी ३५ दिवस लागतात. आणि पक्ष्यांची वृषणे पोटात, मूत्रपिंडांना लागून असल्यामुळे हे सगळे ४१ अंश सेल्सिअसला चालते.

कोंबड्याच्या प्रोटामिनला गॅलिन म्हणतात. ६१ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी. तिच्यातली सुमारे ६० टक्के आर्जिनिन, आणि तीही चार-चार, सहा-सात अशा सलग पुंजक्यांत. आर्जिनिनचा धनभार डीएनएच्या फॉस्फेटच्या ऋणभाराला भिडतो, दोन शेजारच्या धाग्यांमधले एकमेकांना दूर लोटणे संपते आणि धागे अंगाला अंग लावून बसतात. जपानी लाव्याचे प्रोटामिन ५६ अमिनो आम्लांचे आहे, साल्मन माशाचे सालमिन फक्त ३२ चे. प्रोटामिन हे नाव या माशावरच्या कामातूनच आले; फ्रीडरिश मीशर यांनी १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीतल्या साल्मनच्या शुक्राणूंतून ते काढले होते.

गॅलिनमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढची निम्मी कृती तिच्यावर ठरते. माणूस, बैल, उंदीर यांच्या प्रोटामिनमध्ये सिस्टीन असते. एपिडिडायमिस या वृषणालगतच्या नळीतून जाताना शेजारच्या रेणूंमध्ये डायसल्फाइड बंध तयार होतात आणि केंद्रक जणू शिवून टाकले जाते. कोंबड्यात ही शिवण नाही. धागे एकमेकांशी फक्त विद्युतभाराच्या ओढीने बांधलेले राहतात. त्यामुळे सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूतून प्रोटामिन काढायला आधी डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथॅनॉलने बंध तोडावे लागतात, तसे इथे लागत नाही. थंड विरल आम्ल पुरते.

दुसरा मोठा फरक मधल्या पायरीचा. सस्तन प्राण्यांत हिस्टोन आणि प्रोटामिन यांच्यामध्ये ट्रान्झिशन प्रथिने येऊन जातात. कोंबड्यात तशी पायरी दिसत नाही. हिस्टोनच्या जागी थेट गॅलिन येते. मधला हमाल नसताना एवढे सामान कसे हलते, हाच या विषयाचा गाभा आहे, आणि माझ्या मते कोंबडा या अभ्यासाला उंदरापेक्षा सरस ठरतो तो यामुळेच. गुंतागुंत कमी, म्हणून कारण आणि परिणाम यांचा धागा स्वच्छ दिसतो.

उत्तराचा मोठा भाग बार्सेलोना विद्यापीठातल्या रफाएल ओलिव्हा आणि क्रिस्तोबाल मेस्किता यांच्या कामातून मिळाला. १९८२ मध्ये त्यांनी दाखवले की कोंबड्याच्या उत्तरार्धातल्या स्पर्मॅटिडमध्ये हिस्टोन एच४ वर ॲसिटिल गट प्रचंड प्रमाणात चढतात, आणि ते झपाट्याने चढत-उतरत राहतात. एच४ च्या मोकळ्या शेपटीवर ५, ८, १२ आणि १६ या क्रमांकांवर लायसीन आहेत. एकेका लायसीनवर ॲसिटिल बसले की एकेक धनभार नाहीसा होतो. चारही भरले की शेपटीची डीएनएवरची पकड ढिली होते. एरवी एच४ वरचे ॲसिटिल म्हणजे जनुके जागी असल्याची खूण मानतात. इथे मात्र आरएनए बनणे बंद पडलेले असते आणि तरीही ॲसिटिल भरभरून असते. म्हणजे ही तयारी जनुके वाचण्याची नव्हे, रिळे मोडण्याची आहे. नंतर परीक्षानळीत ॲसिटिल चढलेले न्यूक्लिओसोम आणि साधे न्यूक्लिओसोम प्रोटामिनसमोर ठेवून पाहिले, तेव्हा ॲसिटिल चढलेले सहज मोडले. वेगवेगळ्या प्राण्यांच्या प्रोटामिनची ही मोडण्याची ताकद सारखी नसते, हेही त्याच प्रयोगांतून पुढे आले.

तांबडी पेशी इथे तुलनेला फार उपयोगी पडते. तिचेही केंद्रक आवळलेले, तिथेही जनुके गप्प. पण ते आवळणे एच५ मुळे, आणि न्यूक्लिओसोम जिथल्या तिथे. म्हणजे एकाच पक्ष्यात केंद्रक गप्प करण्याच्या दोन तऱ्हा सापडतात, एक रिळे ठेवून आणि एक रिळे मोडून. दोन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी चालवले की फरक डोळ्यांनी दिसतो.

ॲसिटिलच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे एच२ए वर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन चढते. उत्तरार्धातल्या स्पर्मॅटिडमध्ये या जोडप्रथिनाचे प्रमाण वाढते. दुसरी गोष्ट डीएनएच्या पिळाची. प्रत्येक न्यूक्लिओसोममध्ये साधारण एक ऋण पीळ अडकलेला असतो. ५० लाख रिळे काढली की ५० लाख पीळ मोकळे सुटतात, आणि ते सोडवले नाहीत तर धागा स्वतःभोवतीच गुंडाळून बसेल. हे काम टोपोआयसोमरेज-२ करते. डीएनएचे दोन्ही पदर क्षणभर कापते, दुसरा धागा त्यातून पार करते आणि काप पुन्हा जोडते. कोंबड्याच्या उत्तरार्धातल्या स्पर्मॅटिडमध्ये डीएनएची नक्कलही होत नाही आणि आरएनएही बनत नाही, तरी हे विकर क्रियाशील सापडते. या टप्प्यावर डीएनएमधले काप दाखवणारी ट्यूनेल चाचणी केली तर काही लांबट स्पर्मॅटिड चमकू शकतात. ते मरणाऱ्या पेशींचे लक्षण समजू नका. चमक वृषणातल्या शुक्राणूनलिकेच्या एकाच थरात, एकाच टप्प्याच्या पेशींच्या गटात दिसली तर ती पीळ सोडवण्याची. विखुरलेल्या, आक्रसलेल्या एकट्या-दुकट्या पेशींत दिसली तर ती मृत्यूची.

गॅलिनचा संदेश-आरएनए अर्धसूत्री विभाजन आटोपल्यावर, स्पर्मॅटिड अवस्थेत दिसतो. कोंबड्यात या जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि दोन्हींत इंट्रॉन (तयार संदेशातून कापून टाकला जाणारा तुकडा) नाही. सस्तन प्राण्यांच्या प्रोटामिन जनुकात एक इंट्रॉन असतो. याचा व्यवहारात एक त्रास आहे. आरटी-पीसीआर (आरएनएवरून डीएनए बनवून तो वाढवण्याची पद्धत) करताना जीनोमिक डीएनएची भेसळ आकारावरून ओळखता येत नाही, कारण दोन्हींतून येणारा तुकडा तेवढ्याच लांबीचा. म्हणून आरएनएला डीएनेज देणे आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी सोबत चालवणे, या दोन्हींना इथे सुट्टी नाही. शिवाय क्रम आर्जिनिनच्या कोडॉननी भरलेला, जी आणि सी भरपूर. प्रायमर नीट बसत नाहीत, तेव्हा ३ ते ५ टक्के डीएमएसओ घालून पाहावे.

बाहेरून दिसणारा आकार आणि आतले प्रथिन यांचा संबंध मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त जोडतात. केंद्रक लांबट होताना त्याभोवती सूक्ष्मनलिकांचे आवरण असते. मॅकिंटॉश आणि पोर्टर यांनी १९६७ मध्ये कोंबड्याच्या स्पर्मॅटिडमध्येच त्याचे बारकाईने वर्णन केले. आधी नलिका केंद्रकाभोवती कड्यांसारख्या आडव्या असतात, नंतर लांबीच्या दिशेने उभ्या होतात. लांबट होणे आणि घट्ट होणे जवळजवळ एकाच वेळी चालते, म्हणून एकामुळे दुसरे होते असे वाटते. पण झेब्राफिशच्या शुक्राणूत प्रोटामिन नसते, हिस्टोनच राहतात, आणि तो शुक्राणू व्यवस्थित पोहतो. गॅलिनने जागा वाचते, जनुके गप्प होतात. आकार ठरवण्याचे श्रेय एकट्या त्याला देऊ नये.

आता हे प्रत्यक्ष दाखवायचे कसे.

सुरुवात पक्षी निवडण्यापासून. चिकन सेंटरवर मिळणारा ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांचा असतो. त्याच्या वृषणात स्पर्मॅटिडच नसतात. जातीप्रमाणे थोडे पुढेमागे होते, पण साधारण १२ व्या आठवड्याच्या सुमारास स्पर्मॅटिड दिसू लागतात आणि १६ ते २० आठवड्यांत शुक्राणू. खात्रीसाठी २५ आठवड्यांवरचा, दिवसाला १४ ते १६ तास उजेडात ठेवलेला नर घ्या. पैदाशीच्या फार्मवरून काढून टाकलेले नर किंवा पूर्ण वाढलेला गावरान कोंबडा चालतो; तुरा लालभडक आणि आरवणारा असावा. दोन्ही वृषणे मिळून जातीनुसार १४ ते ६० ग्रॅम भरतात. वजन खूपच कमी निघाले तर नर पिसे गाळण्याच्या काळात आहे किंवा त्याची पैदास थांबली आहे असे धरा आणि तो नमुना बाजूला ठेवा. उलट कोवळ्या नराचे वृषण फेकू नका. ६, १० आणि १२ आठवड्यांचे नमुने ओळीने चालवले तर कोणते प्रथिन कोणत्या पेशीबरोबर येते हे पेशी वेगळ्या न करताही कळते.

रक्त काढणे हे सगळ्यांत महत्त्वाचे. पक्षी पूर्ण निथळू द्या, वृषण काढल्याबरोबर बर्फातल्या बफरमध्ये टाका, पांढरे आवरण सोलून काढा, वरच्या रक्तवाहिन्या चिमट्याने ओढून काढा. मग ऊती कात्रीने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे होईपर्यंत बारीक करा आणि बफर स्वच्छ येईपर्यंत, निदान तीन-चार वेळा, हलक्या हाताने धुवा. सस्तन प्राण्यांच्या कामात तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडून टाकायची सवय असते. इथे ते करू नका. पेशी फुटते, हिमोग्लोबिन निघून जाते, नमुना छान पांढरा दिसतो आणि केंद्रके मात्र जिथल्या तिथे. आधी लाल रंगामुळे भेसळ निदान कळत तरी होती.

केंद्रके काढायला १ ग्रॅम ऊतीला १० मिलिलिटर बफर: ०.२५ मोलर सुक्रोज, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० (पेशीपटल विरघळवणारे डिटर्जंट). यात दोन गोष्टी न चुकता घाला. १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट, आणि वापरण्याच्या क्षणी १ मिलिमोलर पीएमएसएफ. ब्युटिरेट ॲसिटिल काढणाऱ्या विकरांना रोखते, पीएमएसएफ प्रथिने कापणाऱ्या विकरांना. ॲसिटिल झपाट्याने उतरते हे वर आलेच आहे, म्हणून ब्युटिरेट अगदी पहिल्या धुण्यापासून हवे. मधूनच घातले तर तोवर खूण पुसली गेलेली असते. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, म्हणून आदल्या दिवशी घालून ठेवलेले बफर निरुपयोगी. शुक्राणूच्या ॲक्रोसोममध्ये (डोक्यावरच्या टोपीत) ॲक्रोसिन हे प्रथिने कापणारे विकर असते आणि ते आर्जिनिन-लायसीनपाशीच कापते. गॅलिन तर आर्जिनिननेच भरलेले. ट्रायटनने ॲक्रोसोम फुटला की ॲक्रोसिन मोकळे, आणि काही मिनिटांत पट्ट्याखाली धूसर पुच्छ दिसू लागते. सगळे ४ अंशांवर ठेवा, मलमलच्या चार पदरांतून गाळा, १,००० जी ला १० मिनिटे फिरवा.

टप्प्यांनुसार पेशी वेगळ्या करायच्या असतील तर त्या ट्रायटन देण्याआधी, अख्ख्या असतानाच कराव्या लागतात. २ ते ४ टक्के बीएसएच्या (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या) उतारात, ४ अंशांवर, सेंट्रिफ्यूज न लावता तीन-चार तास नुसत्या गुरुत्वाकर्षणाने खाली बसू देतात. मोठे स्पर्मॅटोसाइट आधी उतरतात, गोल स्पर्मॅटिड मागून. प्रत्येक थरातला एक थेंब रंगवून बघितल्याशिवाय नळ्या एकत्र करू नका. तांबडी पेशी अंडाकृती असल्याने लगेच ओळखू येते. ज्या थरात ती जास्त असेल तो थर प्रथिनांच्या मोजमापातून वगळा. घट्ट झालेली केंद्रके हवी असतील तर सोपा मार्ग सोनिकेशनचा. गोल स्पर्मॅटिड आणि रक्तपेशी यांची केंद्रके फुटून जातात, आवळलेली केंद्रके पुरून उरतात. बर्फात, थोड्या थोड्या सेकंदांचे झटके आणि मधे विश्रांती. प्रत्येक झटक्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघा. यंत्रागणिक ताकद बदलते, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे उपयोगाचे नाहीत.

तयार शुक्राणूसाठी वृषण नको. जिवंत नराचे वीर्य पोट-पाठ चोळून काढतात. बरोज आणि क्विन यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली पद्धत आजही तीच आहे. एका वेळी ०.२ ते ०.५ मिलिलिटर मिळते आणि मिलिलिटरमागे ३ ते ७ अब्ज शुक्राणू, म्हणजे एका नराचे वीर्य अनेक जेलना पुरते. विष्ठा आणि पांढरे युरेट मिसळले असेल तर तो नमुना टाकून द्या. धुऊन वाचवण्याच्या नादात वेळ जातो आणि प्रथिने तुटतात.

आम्लाची पायरी: केंद्रकांच्या गोळ्यावर ०.४ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, बर्फात एक ते दोन तास, मधून मधून हलवत. १२,००० जी ला १० मिनिटे फिरवून वरचे द्रव घ्या, त्यात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल २० टक्के होईल इतके घाला आणि तासभर बर्फात ठेवा. खाली गोळा बसेल अशी वाट बघू नका. प्रथिने नळीच्या भिंतीवर दुधी पापुद्र्यासारखी चिकटतात, आणि पहिल्यांदा करणारा माणूस हाच पापुद्रा ओतून देतो. नळी फिरवताना तिची बाहेरची बाजू पेनने खूण करून ठेवा म्हणजे पापुद्रा कुठे असेल ते कळते. मग हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घातलेल्या थंड ॲसिटोनने एकदा, साध्या ॲसिटोनने दोनदा धुऊन हवेत सुकवा.

प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे नेहमीचे एसडीएस जेल इथे नको. एवढे धनभारित आणि एवढे लहान प्रथिन त्यावर चुकीच्या जागी, पसरट चालते, आणि ॲसिटिलचा एका भाराचा फरक तर त्यावर दिसूच शकत नाही. आम्ल-युरिया जेल हवे, पानिम आणि चॉकली यांनी १९६९ मध्ये दिलेले: १५ टक्के ॲक्रिलामाइड, २.५ मोलर युरिया, ०.९ नॉर्मल, म्हणजे सुमारे ५ टक्के ॲसेटिक आम्ल. प्रथिने धनभारित असल्याने ती ऋण टोकाकडे जातात, म्हणून विजेच्या तारा नेहमीपेक्षा उलट जोडा. न विसरता उलट. एरवी दोन तासांनी नमुना वरच्या टाकीत गेलेला असतो. माग दाखवायला ब्रोमोफिनॉल ब्लू चालत नाही, मिथाइल ग्रीन किंवा पायरोनिन वाय घ्या. नमुना घालण्याआधी जेल रिकामेच चालवून त्यातले परसल्फेट बाहेर घालवा. ते राहिले तर एच३ मधले सिस्टीन जुळून दुप्पट वजनाचा पट्टा येतो. नमुन्याच्या ८ मोलर युरियात मर्कॅप्टोइथॅनॉल घालायचे ते या एच३ साठी, गॅलिनसाठी नव्हे.

युरिया ताजाच हवा. जुन्या, तापलेल्या द्रावणात सायनेट तयार होते, ते लायसीनला चिकटते आणि नेमका एक धनभार कमी करते. जेलवर ते ॲसिटिलसारखेच दिसते. एच४ च्या वर एकेक पायरी चढत जाणारे सुबक पट्टे दिसले म्हणून लगेच हरखून जाऊ नका; त्याच युरियात मिसळलेला रक्ताचा नमुना शेजारी ठेवा. तांबड्या पेशीतल्या एच४ वर ॲसिटिल फार थोडे असते. तिथेही तशाच पायऱ्या दिसल्या तर दोष युरियाचा.

जेल नीट चालले तर सर्वांत पुढे गॅलिन, त्यामागे एच४ आणि त्याच्या ॲसिटिलच्या पायऱ्या, मग एच२ए, एच२बी, एच३ यांचा गट, मग रक्त असेल तर एच५, आणि सर्वांत मागे एच१. ट्रायटन घातलेले जेल वापरले तर मधल्या गटातले प्रकार आणखी सुटे होतात. रंगवताना घाई झाली की प्रोटामिन जेलमधून धुऊन निघून जाते. वर राहिलेले तिसरे कारण हेच. जेल काढल्याबरोबर २० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात तासभर बसवा, मग कूमासीने रंगवा, आणि रंग उतरवताना रात्रभर सोडून देऊ नका.

वस्तुमानमापीने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) गॅलिन ओळखायचा विचार असेल तर नेहमीचे ट्रिप्सिन बाजूला ठेवा. ते प्रत्येक आर्जिनिनपाशी कापते, आणि ६१ च्या साखळीचे दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे उरतात, जे यंत्राला दिसत नाहीत. यादीत गॅलिन आले नाही याचा अर्थ नमुन्यात नव्हते असा मुळीच नाही. अख्खे प्रथिन मोजणे चांगले.

ऊतीच्या कापांवर हा बदल दाखवायचा सर्वांत साधा रंग ॲनिलिन ब्लू. ४ टक्के ॲसेटिक आम्लात ५ टक्के रंग, पीएच ३.५; तो लायसीनने भरलेल्या हिस्टोनला धरतो. गोल स्पर्मॅटिड निळे, लांबट फिकट, तयार शुक्राणू जवळजवळ बिनरंगी. क्षारीय फास्ट ग्रीनही जुना आणि भरवशाचा, ०.१ टक्के, पीएच ८ च्या आसपास. पण त्याआधी डीएनए काढायला गरम ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल वापरतात आणि त्यात प्रोटामिन विरघळून जाते. शुक्राणू रंगला नाही म्हणजे त्यात प्रथिनच नाही, असा उलटा निष्कर्ष त्यामुळे निघतो. प्रोटामिन जागेवर ठेवायचे तर डीएनए पिक्रिक आम्लाने काढावा. ब्लॉख आणि ह्यू यांनी १९६० मध्ये गोगलगायीच्या शुक्राणूंवर वापरलेला मार्ग तोच.

प्रतिपिंडांनी रंगवताना गफलत वेगळी होते. घट्ट केंद्रकात प्रतिपिंड शिरतच नाही, त्यामुळे हिस्टोन नाहीत की प्रतिपिंड पोचले नाही हे सांगता येत नाही. आधी केंद्रक सैल करा. कोंबड्यात शिवण नसल्यामुळे जास्त मीठ किंवा हेपॅरिन पुरते, आणि सस्तनांपेक्षा हे लवकर होते. मानवी शुक्राणूंसाठीच्या किटमध्ये लिहिलेला वेळ पाळलात तर केंद्रक फुगून फुटलेले दिसेल आणि डीएनए खराब असल्याचा आभास होईल. एक, दोन, पाच, दहा मिनिटे अशी मालिका लावून स्वतःचा वेळ ठरवा.

फ्लो सायटोमेट्रीतही (रंगवलेल्या पेशी एकेक करून प्रकाशात मोजण्याच्या पद्धतीतही) हेच आडवे येते. डीएनएचे रंग आवळलेल्या धाग्यात कमी बसतात, त्यामुळे शुक्राणू एकपट डीएनएच्या जागेच्याही खाली दिसतात. गुणसूत्रे हरवलेली नसतात. कोंबड्याची ३९ ची ३९ तिथेच असतात. पैमाना म्हणून त्याच पक्ष्याच्या तांबड्या पेशी वापरा. जेलवर नको असलेले रक्त इथे कामी येते: पंखाखालच्या शिरेतून काढलेले अर्धा मिलिलिटर सायटोमीटरच्या दुप्पट डीएनएच्या खुणेला, जेलवरच्या एच५ च्या खुणेला आणि युरियाच्या परीक्षेला, तिन्हींना पुरते.